शेवटपर्यंत ऐकणाऱ्या शुभाताई

शुभाताईंनी पहिली कित्येक वर्षं माझं एकही वाक्य पुरं होऊ दिलं नाही. मी "ताई, त्या परळच्या वाचनालयातला प्रिंटर..." एवढं म्हणेपर्यंत त्या "ड्रायव्हर जुना आहे, नवा टाक" असं म्हणून पुन्हा स्क्रीनकडे वळलेल्या असायच्या. वैताग याचा, की अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघायचा. एकदा मी "ताई, माझं लग्न..." म्हणून जरा लाजलो, तर म्हणाल्या, "रजा घे, पण आधी अपडेट सोड." अभिनंदन केलं ते दुसऱ्या दिवशी, खोबऱ्याच्या वड्यांचा डबा पुढे करून. तेव्हाही मी "थँक्यू ताई, पण एवढ्या..." म्हणत होतो आणि त्या "बायकोला ने" म्हणून निघून गेल्या होत्या.

प्रभादेवीला एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर आमच्या ट्रस्टचं ऑफिस होतं. कंपन्यांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर आणायचे, दुरुस्त करायचे, त्यांच्यावर आम्हीच जुळवलेलं मराठी लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी फुकटची प्रणाली, घालायचं आणि ते दादर, परळ, लालबागच्या वाचनालयांना द्यायचे, हे आमचं काम. मी कॉम्प्युटर पोचवणारा, तारा जोडणारा, शिव्या खाणारा. शुभाताई म्हणजे शुभदा पेडणेकर, त्या पॅकेजं बांधायच्या. एखादा प्रोग्राम आमच्या लिनक्सवर नीट बसावा, त्याला लागणाऱ्या सगळ्या गोष्टी त्याच्याबरोबर याव्यात, ही जबाबदारी त्यांची. एका विश्वस्तांना कुणीतरी सांगितलं की या बाई लायब्ररी सांभाळतात. त्यांनी कौतुकाने विचारलं, "पुस्तकं किती आहेत हो तुमच्याकडे?" ताई म्हणाल्या, "पुस्तकं नाहीत, पण हरवतात अगदी तशीच."

ही लायब्ररी म्हणजे काय ते मलाही त्यांनीच समजावलं. प्रोग्राम सगळी कामं स्वतः करत नाही. आवाज काढणं, अक्षरं उमटवणं अशी कामं करणारे तुकडे वेगळे ठेवलेले असतात आणि सगळे प्रोग्राम ते मिळून वापरतात. त्या तुकड्यांना लायब्ररी म्हणायचं. प्रत्येकीला नाव असतं आणि नावापुढे क्रमांक. लायब्ररीची वागण्याची रीत बदलली की तिचा क्रमांक वाढवतात. प्रोग्राम सुरू होताना ठरावीक नावाची, ठरावीक क्रमांकाची लायब्ररी हाक मारून मागतो. ती मिळाली नाही की हात वर करतो.

ताई फणसवाडीत वाढलेल्या, तिथेच राहणाऱ्या. त्यामुळे त्यांना हे सगळं चाळीच्या भाषेतच दिसायचं. खुर्चीवर मांडी घालून बसायच्या, चपला टेबलाखाली एकीवर एक, आणि एररच्या ओळीखालून पोथी वाचल्यासारखं बोट फिरवायच्या. "हा म्हणतोय, देसायांकडे आलोय. देसाई खोली सोडून गेले. आता हा जिन्यात उभा." कुणीही रडत आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला होता, "कोण कोणाला शोधतंय, ते आधी सांग." आणि काम झाल्यावर कुणी "चालतंय, ताई" म्हटलं, की दुसरा, "चालतंय, की बरोबर चालतंय?"

या दुसऱ्या प्रश्नाचा मला विशेष राग होता. आपल्या मुंबईत "चालतंय" हे उत्तर पुरतं. रिक्षाचा ब्रेक? चालतंय. लिफ्टचं दार? चालतंय. ताईंना ते पुरायचं नाही.

एकदा मी शहाणपणा केला. परळच्या एका वाचनालयात चित्रं दाखवणारा प्रोग्राम उघडेना. त्याला दोन क्रमांकाची लायब्ररी हवी होती आणि कॉम्प्युटरवर होती तीन क्रमांकाची. मी नेटवर वाचून एक लिंक बनवली. म्हणजे काय, तर तीन क्रमांकाच्या दारावर दोन क्रमांकाची पाटी लावली. प्रोग्राम बापडा पाटी वाचून आत शिरला आणि उघडला. मी छाती फुगवून ऑफिसात आलो.

"काय केलंस?" ताईंनी विचारलं.

"काही नाही, एक लिंक टाकली, दोनच्या नावाने..."

ताईंचा चेहरा असा झाला की मी वाक्य आपणहून सोडलं. "मिलिंद, देसायांच्या खोलीत आता कुलकर्णी राहतात. बाहेर देसायांची पाटी लावलीस तर आतल्या कुलकर्ण्यांचे देसाई होतात का रे? पोस्टमन पत्र टाकून जाईल. त्याला कळणार पण नाही की चुकलं. एरर आली तर देवाचे आभार मान. एरर न येता चुकतं ना, ते वाईट." मग मला परत परळला पाठवलं. जुनी लायब्ररी तिच्या खऱ्या नावाने नवीच्या शेजारी ठेवायची, म्हणजे ज्याला जी हवी ती मिळेल, ही त्यांची रीत. वेळखाऊ होती. त्या दिवशी मी त्यांच्या नावाने खूप बोटं मोडली.

आता आबांविषयी सांगायला हवं. आबा परब लालबागचे, मूळचे मालवणकडचे. गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवलेला माणूस. म्हातारपणी डोळे पूर्ण गेले. त्यांच्या चाळीच्या तळमजल्यावर एक छोटं वाचनालय होतं, तिथे आमचा कॉम्प्युटर होता, आणि त्यावर मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम. आबा रोज येऊन बसायचे, पेपर ऐकायचे, आलेली मेल ऐकायचे. त्या आवाजाला ते "आमचो भटजी" म्हणायचे, कारण तो न थांबता एका सुरात म्हणायचा.

हा प्रोग्राम एका स्वयंसेवकाने पूर्वी करून दिलेला. तो परदेशी गेला आणि मूळ कोड त्याच्या कुठल्याशा बंद पडलेल्या लॅपटॉपबरोबर गेला. त्यामुळे प्रोग्राम नव्याने बांधता येत नव्हता, होता तसाच वापरायचा. आमच्या लिनक्सची नवी आवृत्ती आली, तिच्यात आवाजाची लायब्ररी नव्या क्रमांकाची, आणि भटजी मुके झाले.

आबांचे रोज ऑफिसात फोन. "बाय, माझो भटजी कधी बोलतलो?" ताईंना आबांचा फार लळा. त्यांच्या तोंडावर अपराधीपणा दिसायचा, जणू म्हाताऱ्याचं जेवण यांनीच अडवलंय. जुनी लायब्ररी नव्या लिनक्ससाठी बांधताना एकातून एक अडचणी निघत होत्या. ती मागायची तिसरीच एक जुनी लायब्ररी, ती चौथी. आणि गणपती तोंडावर आलेले. आबा म्हणाले, "गावाक भावाक मेल धाडलंय. त्येचा उत्तर माझा माकाच ऐकूचा हा, दुसऱ्या कोणाच्या तोंडान नको."

आबांचा हा धाकटा भाऊ वसंत, गावच्या घरी राहायचा. आई आजारी असताना आबा गावी गेले नाहीत, तेव्हापासून तो बोलत नव्हता. आबांचा गणपतीही तेव्हापासून सुटलेला. डोळे गेल्यावर आबांनी पुतण्याच्या पत्त्यावर मेल पाठवून भावाची माफी मागितली होती आणि या गणपतीला येऊ का, असं विचारलं होतं. मेल टाइप ताईंनीच केली होती.

त्या दिवशी आम्ही दोघं लालबागला गेलो. आबा शेजारी काठी धरून बसलेले. ताईंनी थोडा वेळ खटपट केली, मग माझ्याकडे न बघता एक ओळ लिहिली. मी ती ओळ ओळखली. नव्या क्रमांकाच्या दारावर जुन्या क्रमांकाची पाटी.

"ताई, ही तर..."

"तात्पुरती आहे," ताई म्हणाल्या. "बांधून झालं की काढते."

हेडफोन कानाला लावला, प्रोग्राम सुरू केला. "नमस्कार, मी तुमचा वाचक..." एवढं ऐकू आल्याबरोबर हेडफोन काढून आबांच्या हातात दिला. "घ्या आबा. चालतंय."

चालतंय. त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला आणि खरं सांगायचं तर मला गंमत वाटली.

ती पाटी तशीच राहिली. गणपतीची गडबड, मग आणखी वाचनालयं, मग आणखी कामं. आबांचा मध्ये एकदा फोन आला होता. माझ्यासमोरच, स्पीकरवर. "बाय, हो भटजी आता जरा घाईत बोलता, शेवटाक..." ताई म्हणाल्या, "वेग कमी करा आबा, खालच्या बाणाचं बटण," आणि फोन ठेवला.

आबा त्या गणपतीला गावी गेले नाहीत. आम्ही विचारलं तर म्हणाले, "उत्तर ऐकलंय. भावाचा मन नाय." दिवाळीनंतर वसंत गेला. छातीत कळ आली आणि अंगणातच बसला तो उठला नाही. आबा तेव्हा गेले, दिवस करून परत आले.

मग थंडीत मी लालबागला काहीतरी बदलायला गेलो होतो. आबा म्हणाले, "मिलिंदा, पुतण्या माका विचारी होतो, 'काका, बाबा दाराकडे बसान तुमची वाट बघित होते, तुम्ही इलात कित्या नाय?' वसंतान वाट कित्याक बघली? जरा ता पत्र तुझ्या डोळ्यांनी वाच बघू."

मी मेल उघडली. तीनच ओळी होत्या. वसंतही भावासारखाच, कमी बोलणारा.

"दादा, पत्र मिळालं. मी तुझ्यावर रागावलेलो नाही. तू गणपतीला आलास तर दार बंद करणार नाही."

मला आधी काही कळलंच नाही. मी हेडफोन घातला आणि भटजीला तेच वाचायला लावलं. भटजी म्हणाले, "दादा, पत्र. मी तुझ्यावर रागावलेलो. तू गणपतीला आलास तर दार बंद करणार."

मी आबांना सांगितलं की नेट गेलंय, उद्या वाचतो. तिथून सरळ प्रभादेवीला आलो.

ताईंनी तो आवाज ऐकला. पुन्हा ऐकला. नंतर त्यांनी मला जे समजावलं ते असं. प्रोग्राम एक वाक्य घ्यायचा, आवाजाच्या लायब्ररीत ओतायचा आणि झाकण लावायचा. जुनी लायब्ररी झाकण लागलं तरी उरलेलं सगळं बोलून मगच थांबायची. नवीची रीत वेगळी. तिला "शेवटपर्यंत बोल" असं स्पष्ट सांगावं लागायचं. ते सांगितलं नाही तर झाकण लागताच ती गप्प, आत राहिलेलं राहिलं. म्हणूनच क्रमांक बदलला होता. आणि जुन्या प्रोग्रामला हे सांगायचं माहीत असण्याचं कारणच नव्हतं, कारण त्याच्या मते तो देसायांशीच बोलत होता.

इतके महिने कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, हा प्रश्न मी विचारला. ताई बोट ओळीखाली धरून म्हणाल्या, "आपल्या वाक्यांच्या शेवटी काय असतं? आहे, होतं, झालं. ते गेलं तरी आपण मनात भरून घेतो. पेपर ऐकताना आबांनी भरून घेतलंच. आणि 'नाही' पण शेवटीच असतं रे."

मग हेडफोन खाली ठेवून म्हणाल्या, "त्यांनी मला फोन करून सांगितलं होतं. शेवटाक, म्हणाले होते. शेवटाक काय, ते मी ऐकलं नाही."

मी म्हटलं, आबांना सांगायची काही गरज नाही. माणूस गेला, आता काय उपयोग. पुतण्याचं बोलणं विसरतील हळूहळू. म्हाताऱ्याला उगाच जाळायचं कशाला, असंही म्हणालो. आज ते आठवलं की माझे कान गरम होतात. त्या वेळी मला ते शहाणपणाचं वाटत होतं, आणि मी ते ताईंची दया येऊन बोलत होतो हेही खरं आहे. ताईंनी माझं बोलणं पुरं ऐकून घेतलं. मधे एकदाही तोडलं नाही. मग चपला घातल्या.

आबा खाटेवर बसले होते. ताई समोर उभ्याच राहिल्या. "आबा, माझी चूक झाली," इथून सुरुवात केली आणि सगळं सांगितलं. देसाई-कुलकर्णी काही नाही, नुसतं सरळ. "मशीनला चुकीची जोडणी मी केली, घाईत केली, पुरतं ऐकलं नाही." मग पर्समधून मेलचा छापील कागद काढून वाचला, शेवटचा शब्द सावकाश.

आबा म्हणाले, "परत वाच."

ताईंनी परत वाचला.

"म्हणजे तो रागावलेलो नाय?"

"नाही, आबा."

"दार बंद करूचो नाय?"

"नाही."

आबांनी पुन्हा वाचायला लावलं, आणि पुन्हा. किती वेळा ते मला सांगता येणार नाही. ताईंचा आवाज घोगरा होत गेला पण त्या वाचत राहिल्या. आबांचे डोळे गळत होते आणि तोंडावर मात्र काहीतरी सैल झाल्यासारखं होतं, ते दुःख होतं की सुख होतं हे मला आजही ठरवता येत नाही. शेवटी ते म्हणाले, "मी मशीनीचा ऐकलंय. भावाचा ऐकूक नाय. तेका एक फोन करूक होयो होतो." आणि मग, "आता जावा तुम्ही."

माफ केलं असं म्हणाले नाहीत. ताईंनीही ते मागितलं नाही. जिन्यात त्या एका पायरीवर बसल्या आणि मी नळावरून पाणी आणून दिलं.

पुढे त्यांनी ती जुनी लायब्ररी बांधली, तिच्या खऱ्या नावाने नवीच्या शेजारी ठेवली. अडचणी होत्या त्या सगळ्या एकेक करून सुटल्या. "हे मी तेव्हाच करायला हवं होतं," एवढंच म्हणाल्या. शिवाय त्यांनी एक चाचणी लिहिली. आवाजाचं कुठलंही पॅकेज बाहेर पाठवण्याआधी मशीन एक वाक्य बोलायचं, "मी येणार नाही." ते आपल्या कानाने, शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय पॅकेज सोडायचं नाही, असा नियम. ऑफिसात दिवसभर कुणीतरी येणार नसायचं. नव्या लोकांना हसू यायचं, आणि आम्ही त्यांना कारण सांगत नव्हतो.

पण खरा बदल ताईंमध्ये झाला. त्या कुणाचंही वाक्य तोडेनाशा झाल्या. तुम्ही बोलायचं थांबलात तरी त्या काही बोलायच्या नाहीत, तुमच्याकडे बघत राहायच्या, आणखी काही उरलंय का म्हणून. फोनवर तर लोकांना वाटायचं लाइन कटली. "हॅलो? हॅलो?" करायचे, आणि ताई म्हणायच्या, "आहे मी. तुमचं झालं ना?" मला सुरुवातीला ते फार जड जायचं. ज्यांच्या तोडण्याचा मी इतकी वर्षं वैताग केला, त्यांनी एकदा तरी मला तोडावं असं वाटायचं. मी मुद्दाम अर्धी वाक्यं टाकून बघितली. "ताई, तो दादरचा स्कॅनर..." त्या नुसत्या थांबून राहायच्या, आणि मलाच ते पुरं करावं लागायचं.

आबांकडे त्या पुन्हा गेल्या नाहीत. तिथलं काही असलं की मला पाठवायच्या आणि मी परत आल्यावर विचारायच्या, "भटजी?" मी म्हणायचो, बरोबर चालतंय. त्या मान हलवायच्या.

फणसवाडीतली त्यांची चाळ पाडून टॉवर व्हायचा होता. ताईंनी नोकरी सोडली आणि रत्नागिरीला भाचीकडे जायचं ठरवलं. तिथे जाऊन काही वर्षांत त्या वारल्या, हे मला नंतर भाचीकडून कळलं. रत्नागिरीला जाण्याच्या आदल्या दिवशी त्या मला ठाकूरद्वारच्या नाक्यावर भेटल्या. मी त्यांनाच भेटायला चाललो होतो. हातात पिशवी, पिशवीतून पितळी समईचं टोक बाहेर आलेलं. मोडीत द्यायला जीव होईना म्हणाल्या.

मी सकाळीच लालबागला जाऊन आलो होतो. ताई चालल्या हे आबांना सांगितलं, तर ते बराच वेळ काठीची मूठ चोळत बसले आणि मग एक निरोप दिला. तो मला लगेच सांगायचा होता, पण रस्त्यात उभं राहून कसं सांगावं ते सुचेना. इकडचं तिकडचं बोललो. ताई ऐकत होत्या. मी थांबलो तशा थांबल्या.

"ताई, आबांनी तुम्हाला निरोप दिलाय. म्हणाले, तिका सांग, मी तिच्यावर रागावलेलो नाय."

बाजूने लोक जात होते, कुणाचा धक्का लागला, समई पिशवीवर आपटली. ताई माझ्या तोंडाकडे बघत होत्या, अगदी ओठांकडे.

"झालं वाक्य?"

"झालं, ताई."

"शेवटचा शब्द परत सांग."

"नाय," मी म्हटलं. "नाही."

त्यांनी आणखी थोडा वेळ वाट बघितली. मग पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि फणसवाडीकडे वळल्या.